व्यापारयुद्ध की वर्गयुद्ध? एका गाजलेल्या पुस्तकाची तपासणी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय व्यापारयुद्ध. पण कुणी कुणावर किती टक्के टॅरिफ लावलं याची उजळणी मी करणार नाही. ती आपण रोज वाचतो, आणि व्याख्यान संपेपर्यंत आकडा बदललेला असण्याचीही शक्यता असते. आज मला एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. २०२० मध्ये येल युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं ‘ट्रेड वॉर्स आर क्लास वॉर्स’. लेखक दोन: मॅथ्यू क्लाइन हे आर्थिक पत्रकार, आणि मायकेल पेटिस हे बीजिंगमध्ये अनेक वर्षं शिकवणारे वित्तशास्त्राचे प्राध्यापक. २०२१ मध्ये या पुस्तकाला लायोनेल गेल्बर पुरस्कार मिळाला. व्यापारावर गंभीरपणे बोलणाऱ्या कुणालाही हे पुस्तक आता टाळता येत नाही.

पुस्तकाचा दावा त्याच्या नावातच आहे. व्यापारयुद्ध ही दोन देशांमधली लढाई दिसते, पण मुळात ती देशांच्या आतली, वर्गावर्गांमधली लढाई आहे. माझं म्हणणं असं की या दाव्याचा पहिला भाग भक्कम आहे आणि दुसरा भाग पोकळ आहे. त्या पोकळीचे परिणाम केवळ पुस्तकी राहिलेले नाहीत. आधी भक्कम भाग पाहू.

समजा एखाद्या देशात वर्षाला १०० रुपयांचा माल आणि सेवा तयार होतात. त्यातला काही भाग लोक घरात वापरतात, काही सरकार खर्च करतं, काही कारखाने-रस्ते-इमारती उभारण्यात जातो. या तिन्हींची बेरीज १०० पेक्षा कमी भरली तर उरलेला माल जातो कुठे? देशाबाहेर. त्याला आपण व्यापारी आधिक्य म्हणतो. आता लेखक विचारतात, घरात वापर कमी का होतो? लोक काटकसरी आहेत म्हणून? चिनी माणूस संस्कारानेच बचत करतो, जर्मन माणूस शिस्तीचा, अमेरिकन उधळ्या, असं आपण सहज बोलून जातो. लेखक म्हणतात, हे सगळं सोडा. लोक खर्च करत नाहीत, कारण देशाच्या उत्पन्नातला पुरेसा वाटा त्यांच्या हातात येतच नाही.

चीनमध्ये कुटुंबांचा उपभोग राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. भारतात तो साधारण ६० टक्के आहे, अमेरिकेत दोन तृतीयांशाहून जास्त. एवढा फरक स्वभावाने पडत नाही, तो व्यवस्थेने पडतो. चीनमध्ये हुकौ नावाची नोंदणीपद्धत आहे. खेड्यातून शहरात आलेला कामगार वीस वर्षं शांघायमध्ये राबला तरी तिथल्या शाळा, दवाखाने, पेन्शन यांवर त्याचा पूर्ण हक्क नसतो. आजारपणासाठी आणि म्हातारपणासाठी त्याला स्वतःच साठवावं लागतं. ते साठवलेले पैसे बँकेत ठेवावेत, तर अनेक वर्षं व्याज महागाईच्या जेमतेम बरोबरीचं, कधी त्याहून कमी. त्याच बँका ते पैसे स्वस्तात सरकारी कंपन्यांना आणि स्थानिक प्रशासनांच्या प्रकल्पांना देत राहिल्या. म्हणजे ठेवीदाराच्या खिशातून उद्योगाला अनुदान गेलं, आणि त्याला अनुदान असं कुणी म्हटलंही नाही.

जर्मनीची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच जागी येते. एकीकरणानंतर आलेली बेरोजगारी, मग २००३ ते २००५ या काळातल्या हार्ट्झ सुधारणा, कमी पगाराच्या अर्धवेळ नोकऱ्यांचा सुळसुळाट, आणि २००९ मध्ये सरकारी कर्जावर राज्यघटनेतच घातलेली मर्यादा. कामगाराने कमी मागायचं, सरकारने कमी खर्च करायचं. २०१५ च्या सुमाराला जर्मनीच्या चालू खात्यावरचं आधिक्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या वर गेलं. ते आपण जर्मन अभियांत्रिकीचं यश म्हणून वाचलं. लेखक ते जर्मन कामगाराच्या अडलेल्या पगाराचं माप म्हणून वाचतात.

आता एकाचं आधिक्य म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी तूट. जगाची बेरीज शून्यच यायची. ती तूट बहुतांशी अमेरिका सोसते, कारण डॉलर जगाचं चलन आहे, अमेरिकेचा रोखेबाजार सगळ्यांना खुला आहे, आणि जगातली उरलेली बचत तिथे जाऊन बसते. पैसा आत आला की मालही आत येतो. मग एक तर लोकांवर कर्ज चढतं किंवा कारखान्यातली कामं जातात.

ही मांडणी नवी नाही, आणि लेखकही तसा दावा करत नाहीत. जॉन हॉब्सन नावाच्या इंग्रज अर्थविचारकाने १९०२ मध्ये साम्राज्यवादावर पुस्तक लिहिलं, त्यात हाच धागा आहे. घरच्या कामगाराच्या हाती पैसा नाही, म्हणून माल आणि भांडवल दोन्ही बाहेर जागा शोधतात. क्लाइन आणि पेटिस यांनी तो धागा आजच्या आकडेवारीत ओवला.

सिद्धांत कितीही देखणा असला तरी घटनेच्या दगडावर घासून पाहावा लागतो. सुदैवाने, म्हणजे अभ्यासकांच्या सुदैवाने, तसा दगड उपलब्ध आहे. ६ जुलै २०१८ ला अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावलं. सप्टेंबरात आणखी २०० अब्ज डॉलरचा माल त्यात आला. लेखकांचं म्हणणं खरं असेल तर या शुल्काने तूट मिटायला नको, फक्त दारं बदलायला हवीत.

झालं काय? २०१८ मध्ये अमेरिकेची चीनबरोबरची माल-व्यापारातली तूट सुमारे ४१९ अब्ज डॉलर होती. २०२४ मध्ये ती सुमारे २९५ अब्जांवर आली. कुणी म्हणेल, वा! पण त्याच काळात सगळ्या जगाबरोबरची मिळून तूट सुमारे ८८० अब्जांवरून १२०० अब्जांवर गेली. व्हिएतनामबरोबरची तूट २०१७ मध्ये ३८ अब्जांच्या आसपास होती, ती १२३ अब्ज झाली. मेक्सिकोचीही वाढली. चीनचं स्वतःचं एकूण आधिक्य २०२४ मध्ये जवळपास एक हजार अब्ज डॉलरवर पोचलं. नळाचं एक तोंड दाबलं, पाणी दुसरीकडून आलं. जानेवारी २०२० च्या करारात चीनने दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी करायचं कबूल केलं होतं. ती जादा खरेदी प्रत्यक्षात झालीच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे निदान पुस्तकाचं बरोबर निघालं. इथपर्यंत मी लेखकांच्या बाजूचा.

आता दुसरा भाग. या पुस्तकात ‘वर्ग’ म्हणजे नेमकं कोण?

बारकाईने वाचलं तर लक्षात येतं की चीनमध्ये फायदा घेणारे म्हणजे पक्ष, स्थानिक प्रशासनं आणि सरकारी कंपन्या. जर्मनीत ते निर्यातदार उद्योगांचे मालक. अमेरिकेत वॉल स्ट्रीट आणि मोठ्या कंपन्यांचे भागधारक. तीन देशांतले तीन वेगवेगळे गट, त्यांचे हितसंबंध वेगळे, सत्तेशी नातं वेगळं, आणि त्यांना एका शब्दात बसवलं आहे. का बसतात? कारण पुस्तकात वर्ग हा माणसांचा समूह नाहीच. तो जमाखर्चाच्या वहीतला रकाना आहे. राष्ट्रीय उत्पन्नातला कुटुंबांकडे गेलेला भाग एका रकान्यात, न गेलेला दुसऱ्या रकान्यात.

रकान्याला मत नसतं, संघटना नसते, राग नसतो, गाव नसतं. जर्मनीचंच पाहा. मोटार आणि यंत्रनिर्मितीतल्या कायम कामगारांच्या नोकऱ्या आणि पगार बऱ्यापैकी सुरक्षित राहिले. पगारवाढीवर आवर घालण्याच्या तडजोडीत त्यांच्या संघटनाही सामील होत्या. झळ जास्त बसली ती दुकानात, स्वयंपाकघरात, साफसफाईत काम करणाऱ्यांना. मग हे वर्गयुद्ध नेमकं कुणाचं कुणाशी? कामगाराचं मालकाशी, की कामगाराचं कामगाराशी? पुस्तक हा प्रश्न उभाच करत नाही. ते दोघे त्याच्या दृष्टीने एकाच रकान्यात आहेत.

अमेरिकेचा पुरावा याहून बोचरा आहे. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. त्यावर फ्लॅन, हॉर्टाचसू आणि टिन्टेलनॉट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका अभ्यास केला. वॉशिंग मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागलं. गंमत म्हणजे कपडे वाळवायचं यंत्रही तेवढंच महागलं, ज्याच्यावर शुल्क नव्हतं! दोन्ही जोडीने विकली जातात, त्यामुळे कंपन्यांनी वाढ दोघांवर वाटून टाकली. नोकऱ्या निर्माण झाल्या सुमारे १८००. प्रत्येक नोकरीसाठी ग्राहकांच्या खिशातून वर्षाला गेले साधारण ८ लाख १५ हजार डॉलर.

हिशेबाच्या वहीप्रमाणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. मग लोकांनी त्याला मतदानातून शिक्षा दिली का? ऑटर, बेक, डॉर्न आणि हॅन्सन यांनी २०२४ च्या सुरुवातीला नेमकं हे तपासलं. २०१८-१९ च्या शुल्कांमुळे संरक्षण मिळालेल्या भागांत रोजगार वाढला का? निव्वळ वाढ दिसली नाही. चीनच्या प्रत्युत्तराने रोजगार घटला का? घटला, विशेषतः शेतीत. आणि मतं? संरक्षण मिळालेल्या भागांत शुल्क लावणाऱ्या पक्षाकडे कल वाढला. नोकरी मिळाली नाही, तरी मत दिलं.

याचा अर्थ लोक मूर्ख आहेत असा काढू नका. आपल्याकडे असा निष्कर्ष फार पटकन काढला जातो. यातल्याच काही अभ्यासकांनी आधी दाखवून दिलं होतं की चिनी आयातीचा धक्का बसलेल्या गावांत माणसं दुसरीकडे गेली नाहीत, दुसरी कामं आली नाहीत, आणि दहा-दहा वर्षं ती गावं तशीच राहिली. तिथल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की तुझं नुकसान झालं, आणि मी तुझ्या बाजूने भांडतोय. ते भांडण चुकीच्या माणसाशी होतं, पण भांडणारा कुणीतरी होता. पुस्तकाकडे या अनुभवासाठी जागा नाही. रकाना भरला की नाही एवढंच ते पाहतं.

आता मुद्दा गंभीर होतो. या पुस्तकात दोन वाक्यं आहेत असं समजा. मी उद्धृत करत नाही, सार सांगतो. पहिलं: आधिक्याच्या देशांनी आपल्या कष्टकऱ्यांना त्यांचा वाटा द्यावा. दुसरं: अमेरिका जगाच्या असमतोलाचं ओझं वाहते. यातलं राजकारण्यांनी कुठलं उचललं? अर्थातच दुसरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीफन मिरन यांनी जागतिक व्यापाराची फेररचना कशी करावी यावर एक टिपण प्रसिद्ध केलं. डॉलर राखीव चलन असल्याचं ओझं अमेरिकी कारखानदारी सोसते, हा त्याचा गाभा. पुढे ते राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख झाले. ते या पुस्तकावरून शिकले असा आरोप मी करत नाही. पण तर्काची घडण मिळतीजुळती आहे. आणि खुद्द पेटिस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ मध्ये लिहिलं की अमेरिकेच्या आजच्या परिस्थितीत टॅरिफ उपयोगी ठरू शकतं.

मग २ एप्रिल २०२५ उजाडला. त्या दिवशी जाहीर झालेल्या शुल्कांचं सूत्र तुम्हाला आठवत असेल. एखाद्या देशाबरोबरची तूट घ्या, तिला तिथून येणाऱ्या आयातीने भागा, निम्मं करा. कमीत कमी १० टक्के. या हिशेबाने चीनवर ३४ टक्के, भारतावर २६, बांगलादेशावर ३७, व्हिएतनामवर ४६, आणि आफ्रिकेतल्या लेसोथो या छोट्या देशावर ५० टक्के! लेसोथोत बायका जीन्स शिवतात आणि त्या अमेरिकेत जातात. अमेरिकेचा माल विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे नाही. सूत्राने या गरिबीलाच लबाडी ठरवलं.

इथे न्याय करायला हवा. देशादेशांमधली सुटी तूट फारसं काही सांगत नाही, हे क्लाइन आणि पेटिस स्वच्छ लिहितात. त्यांच्या दृष्टीने हे सूत्र अडाणीपणाच आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ‘वर्गयुद्ध’ असं नाव असलेल्या मांडणीतून वर्ग इतक्या सहज बाजूला कसा काढता आला, आणि फक्त ‘अमेरिकेवरचं ओझं’ कसं शिल्लक राहिलं? माझं उत्तर: कारण तिथे माणसांचा वर्ग नव्हताच, रकाना होता. रकाना खोडायला वेळ लागत नाही. लेसोथोची शिलाई करणारी आणि ओहायोतला कामावरून काढलेला कामगार यांचं एकमेकांशी नातं काय, हे पुस्तकाने दाखवलं असतं तर ते खोडणं अवघड गेलं असतं. बांगलादेश, कंबोडिया, लेसोथो हे देश पुस्तकाच्या मध्यभागी येत नाहीत. तिथे चीन, जर्मनी आणि अमेरिका आहेत.

आता आपल्या अंगणात एकदा डोकावू. सोयाबीनमुळे आपला या भांडणाशी खरा संबंध आहे. २०१७ मध्ये अमेरिकेचं निर्यात होणारं निम्म्याहून जास्त सोयाबीन चीनला जात होतं. जुलै २०१८ मध्ये चीनने त्यावर २५ टक्के शुल्क लावलं आणि ब्राझीलकडे मोर्चा वळवला. अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी आधी १२ अब्ज आणि मग १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. २०२५ मध्ये पुन्हा काही महिने चीनने तिथलं नवं सोयाबीन घेणं थांबवलं. न विकलेल्या सोयाबीनला नवं गिऱ्हाईक हवं असतं, आणि अशा वेळी नजर भारताकडे वळते.

पण लातूरच्या शेतकऱ्याचं भांडण फक्त अमेरिकेशी नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. कोंबडीखाद्य परवडेना, म्हणून पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आणायला परवानगी दिली. त्यात नवं पीक बाजारात आलं, आणि भाव झपाट्याने खाली आला. सप्टेंबर २०२४ मध्ये उलटं झालं. भाव हमीभावाच्या खाली, म्हणून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मे २०२५ मध्ये तेल महागलं म्हणून ते १० टक्क्यांवर आणलं.

या वर्गयुद्धात खलनायक कोण? सोयाबीनवाला दोन-तीन एकरांचा शेतकरी. पोल्ट्रीवाला बहुधा कर्ज काढून शेड उभारलेला. तेलाचा डबा आणणारी बाई महिन्याच्या पगाराला बांधलेली. तिघंही पुस्तकाच्या वहीत ‘कुटुंबं’ या एकाच रकान्यात आहेत. शुल्क वर गेलं तर एक सुखावतो, खाली आलं तर दुसरा. व्यापारधोरण म्हणजे रोजच्या रोज या तिघांमधली वाटणी. ती उघडपणे, तिघांना समोर बसवून झाली तर त्याला धोरण म्हणता येईल. अधिसूचना काढून, ज्याचा आवाज मोठा त्याप्रमाणे झाली, तर ते फक्त हेलकावे असतात.

तर माझा निष्कर्ष. हे पुस्तक वाचा, जरूर वाचा. टॅरिफने तूट का मिटत नाही हे इतकं स्वच्छ सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. पण वाचताना प्रत्येक पानावर एक प्रश्न जवळ ठेवा: या रकान्यात कोण कोण माणसं आहेत, आणि त्यांचं आपसात पटतं का? दुखणं कुठे आहे हे पुस्तक सांगतं. ते बरं कोण करणार, कुणाच्या बळावर करणार, याबद्दल ते गप्प आहे. आणि ते गप्प राहतं, तेव्हा टॅरिफवाला बोलतो.

प्रश्न: मग टॅरिफ वाईटच, असं तुम्हाला म्हणायचं आहे का? आत्ता तुम्हीच सांगितलं की भारतसुद्धा लावतो.

उत्तर: नाही, तसं म्हणायचं नाही. टॅरिफ हे औजार आहे. ते एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे नेतं, एवढं नक्की. कुठल्या खिशातून, कुठल्या खिशात, किती काळ, आणि बदल्यात काय करून दाखवायचं, हे आधी सांगितलेलं असलं पाहिजे. वॉशिंग मशीनच्या शुल्काला ग्राहकांनी किती मोजलं ते अभ्यासकांनी नंतर काढलं, लावताना कुणी सांगितलं नव्हतं. आणि आठ महिन्यांत उलटणाऱ्या शुल्कावर शेतकरी पेरणीचा निर्णय घेऊ शकत नाही.

प्रश्न: चीनने उद्या ठरवलं की लोकांच्या हातात पैसा द्यायचा, तर भांडण संपेल?

उत्तर: बरंचसं निवळेल. पण हे चीनच्या नेत्यांना माहीत नाही असं नाही. २००७ मध्येच पंतप्रधान वेन च्याबाओ यांनी आपली अर्थव्यवस्था असंतुलित आणि न टिकणारी आहे असं जाहीरपणे म्हटलं होतं. त्याला दोन दशकं होत आली. झालं का नाही? कारण कुटुंबांना द्यायचं म्हणजे स्थानिक प्रशासनांकडून आणि सरकारी कंपन्यांकडून काढून घ्यायचं, आणि तिथला कामगार स्वतःची स्वतंत्र संघटना काढून ते मागू शकत नाही. बघा, इथे वर्ग रकान्यातून बाहेर येतो आणि माणूस होतो. पुस्तक या दारापर्यंत आपल्याला आणतं, आत जात नाही. आत आपल्यालाच जायचं आहे.